दारातले तीन सेकंद

१

गुरुवारी सकाळी नऊला क्लिनिकचं शटर वर गेलं, तेव्हा व्हिडिओ नाहीसा झालेला होता.

शांताक्का पायरीवर उभ्याच होत्या. नवे दात, चापून बसवलेले पांढरे केस आणि रोजचाच प्रश्न. "गिरिजा, आज कुणी काय लिहिलंय का, बघ की."

गिरिजाबाईंनी फोन काढला आणि क्लिनिकचं पान उघडलं. बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. ब्रश कसा धरावा, तो व्हिडिओ होता. अक्कलदाढेचा होता. शांताक्कांचा नव्हता. तीन लाख लोकांनी पाहिलेला चाळीस सेकंदांचा तुकडा आणि त्याखाली चौदाशे माणसांनी लिहिलेलं बरंवाईट, सगळं पाटी पुसावी तसं साफ झालं होतं.

"नेटवर्क नाही अक्का. स्वल्प बसा," गिरिजाबाई धडधडीत खोटं बोलल्या आणि आत गेल्या.

हा व्हिडिओ एवढा मोलाचा का, ते आधी सांगायला हवं. डॉक्टर जानकी मूळच्या नाशिकच्या. नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ म्हैसूरला आल्या आणि बन्नीमंटपाच्या अलीकडे शिंप्यांच्या गल्लीतलं हे जुनं क्लिनिक त्यांनी घेतलं. खुर्ची, कपाटं आणि बावीस वर्षांपासून रिसेप्शनला बसणाऱ्या गिरिजाबाई, असा सगळा ऐवज एकदमच ताब्यात आला. पहिलं वर्ष माशा मारण्यात गेलं. इन्स्टाग्रामवर पान काढून डॉक्टरांनी दात किडण्याची कारणं सांगितली, पाच टिपा दिल्या, सात टिपा दिल्या. बघणारे सत्तर, त्यातले चाळीस नात्यातले.

मग गेल्या दिवाळीत सात्विकचा मेसेज आला. "मी बेळगोळला कारखान्यात आहे, फावल्या वेळात व्हिडिओ करतो. तुमचे करून देऊ का? दातांबद्दल कुणाला ऐकायचं नसतं हो, माणसांबद्दल असतं. पेशंटना बोलू द्या. आणि सुरुवात तुमच्या गल्लीपासून करा." त्याला कुणी पाहिलं नव्हतं, त्याचा आवाजही कुणी ऐकला नव्हता. सगळं काम मेसेजवर. इकडून शूटिंग जायचं, तिकडून व्हिडिओ तयार होऊन थेट पानावर चढायचा. सुरुवात ठरलेली: क्लिनिकच्या दारातून दिसणारी गल्ली, तीन सेकंद. शिलाई मशीनची खडखड, उतरतं ऊन आणि समोरच्या घराच्या जगलीवर, म्हणजे ओट्यावर, अवरेकाईच्या शेंगा सोलणाऱ्या शांताक्का. लोकांना ते भावलं. हुणसूरहून बस पकडून पेशंट यायला लागले आणि दारात उभे राहून विचारायला लागले, "ती शेंगावाली आज्जी कुठाय?"

सात्विक कामाला चोख, पण चिकित्सक. दाराचा शॉट संध्याकाळी पाचचाच हवा, ओट्यापर्यंतचाच हवा. जुलैत शांताक्का तापाने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्याने कटकट करून गिरिजाबाईंचं डोकं उठवलं होतं. "फ्रेम रिकामी वाटते. उद्याचा पाठवा." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उद्याचा पाठवा." असे सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी शांताक्का बाहेर येऊन बसल्या, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

गेल्या महिन्यात शांताक्कांनाच कवळी बसली आणि त्या कॅमेऱ्यासमोर बोलल्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या श्रीवत्सने बापाचं शिलाई मशीन विकून कॅमेरा घेतला होता. बाप वेंकोबा शिंपी, शब्दाचा खडक. "मी जिवंत असेपर्यंत तोंड दाखवू नको," म्हणाले. पोरगाही त्यांचाच, त्याने ते शब्दशः पाळलं. वेंकोबा तीन वर्षांपूर्वी गेले. पोराचा पत्ता कुणाकडे नव्हता. आता घरमालकाला घर हवं होतं आणि येत्या सोमवारी सकाळी मुलगी दीपश्री आईला हुबळीला नेणार होती.

व्हिडिओच्या सुरुवातीला शांताक्कांचे मांडीवरचे हात दिसतात आणि कवळी बसण्याआधीचा त्यांचा आवाज येतो. खाली अक्षरं: "अप्पा गेले. जाताना मशीनचं नाव नाही काढलं, तुझं काढलं." मग चेहरा, नवे दात आणि स्वच्छ शब्द: "श्रीवत्सा, दात आले बघ. पंधरा तारखेला घर सोडते. त्याआधी एकदा ये."

त्यांच्याकडे तेवढी एकच हाक होती. सोमवारनंतर पोरगा आलाच, तर त्याला परक्याचं कुलूप दिसणार होतं.

ज्युनियर डॉक्टर अवनीने फोन तपासून मान हलवली. "डिलीट केलेलं महिनाभर कचऱ्यात राहतं ना, तिथूनही काढलंय. म्हणजे चुकून नाही झालेलं. पासवर्ड चौघांकडे आहे. मॅडम, मी, सात्विक आणि तुम्ही."

२

"मी नाही केलं," अवनी म्हणाली. कुणी विचारलंही नव्हतं.

गिरिजाबाईंनी तिला चहा दिला आणि समोर बसल्या. बावीस वर्षं लोकांना "शेवटचं कधी दुखलं?" विचारून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. घाबरलेला माणूस दुखणारी बाजू सोडून दुसऱ्याच बाजूला हात लावतो.

"तुझ्या दात सरळ करायच्या व्हिडिओला किती लोक?"

"दोनशे दहा," अवनी ओठ चावत म्हणाली. "हो, मला राग आला होता. मी तीन दिवस राबून तो केला होता आणि एक आज्जी चाळीस सेकंद बोलली तर तीन लाख. पण मी उलट मॅडमना म्हणत होते, अजून एक करू त्यांच्यावर. मला आपलं पान वाढायला हवंय, गिरिजाबाई."

"खालची वाईट बोलणी तूच काढत होतीस ना?"

"मी? छे. भांडण लागलं की व्हिडिओ जास्त पसरतो. मी एकालाही हात लावला नाही."

गिरिजाबाईंच्या हातातली बशी जरा थांबली. शांताक्कांना रोज सकाळी त्या कमेंट वाचून दाखवत, पण गाळून. कुणी लिहायचं, "असला मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा." कुणी त्याहून विखारी, "आईनेच काहीतरी केलं असणार, उगाच कुणी घर सोडत नाही." दोन्ही त्या गिळून टाकत. पण दुसऱ्या दिवशी पाहावं, तर आईबद्दल लिहिलेलं गेलेलं असायचं आणि मुलाच्या शिव्या मात्र जिथल्या तिथे. त्यांना वाटायचं, अवनी साफसफाई करते.

डॉक्टर जानकींनी तर कमेंट उघडूनही पाहिल्या नव्हत्या. "मला वेळ कुठे आहे, गिरिजाबाई? आणि खरं सांगू, मला त्या व्हिडिओवर रागच आला होता. आपली पद्धत काय? आधी तोंड दाखवायचं, मग दात. या सात्विकने आधीचं तोंड दाखवलंच नाही, नुसते हात. मी विचारलं, तर म्हणाला, असं बरं दिसतं."

दुपारी रणोजीराव आले. वेंकोबांचे धाकटे भाऊ, टोपीपासून चपलेपर्यंत ताठ. बुधवारी ते याच दारात उभे राहून ओरडून गेले होते.

"गेला ना? आयतु, संपलं. बरं झालं," ते म्हणाले. "घराची अब्रू अशी फोनवर लावायची काय? कुणी एक चॅनेलवाला काल त्या व्हिडिओखाली लिहिलाय, अम्माच्या दारात कॅमेरा घेऊन येतो, पोराला का हाकललीस म्हणून विचारतो. वहिनीला रडवून दाखवायचं, की लोक बघतात. हे मी सांगत होतो की नाही तुम्हाला?"

"ते कुठे वाचलंत?"

"माझ्या नातवाने वाचून दाखवलं. मी काढलं नाही गिरिजाबाई. मला फोन उचलायला येतो, ठेवायला येत नाही." रणोजीराव खुर्चीत बसले. एकदम थकल्यासारखे दिसले. "पोरगा यावा असं मला वाटत नाही काय? मीच त्याला सुई धरायला शिकवलेलं."

म्हणजे बुधवारी चॅनेलवाल्याने धमकी दिली आणि गुरुवारी सकाळी व्हिडिओ गेला. गिरिजाबाई उठल्या, गल्लीकडे बघत दारात उभ्या राहिल्या. समोर शांताक्का रिकाम्या ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर शेंगा नव्हत्या. नेटवर्क आलं का, म्हणून त्यांनी तिथूनच हाताने विचारलं. गिरिजाबाईंनी मान हलवली आणि पहिल्यांदा त्यांना या सगळ्याचा मनापासून राग आला.

३

"पुन्हा टाकू या की," शुक्रवारी अवनी म्हणाली. "तयार व्हिडिओ तुमच्या फोनवर आहे ना?"

"टाकू. आणि ज्याने एकदा काढला तो परत काढेल. आधी हात कुणाचा ते कळू दे."

पेशंट संपले, तशा गिरिजाबाई व्हिडिओ लावून बसल्या. बाजूला त्यांची लांबट वही. आता ही वही म्हणजे काय, तर क्लिनिकची एक रीत. इथले पेशंट अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणार, त्यात अर्धं तोंड बधिर. फोन आपोआप जी अक्षरं उमटवतो, त्यात "दाढ" म्हटलं की भलतंच काही यायचं. म्हणून प्रत्येक पेशंटचं बोलणं गिरिजाबाई वहीत उतरवत, पानाचा फोटो सात्विकला पाठवत आणि तो तेवढंच व्हिडिओखाली लिही. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

त्यांनी शांताक्कांचं पान काढलं. खालचा भाग बरोबर होता: दात आले बघ, पंधरा तारखेला घर सोडते. वरच्या भागापाशी त्या थबकल्या. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "दात बसवण्याआधी शांताक्का काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. सोडून द्या."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. हात. आवाज. फुसफुस, फॅस, मध्येच हवा. डोळे मिटून ऐकलं, कान लावून ऐकलं. त्यातून "मशीन" एवढंच कसंबसं हाती लागत होतं. आणि खाली मात्र अक्षरं मोत्यासारखी: अप्पा गेले. जाताना मशीनचं नाव नाही काढलं, तुझं काढलं.

"अवनी, ही ओळ तू विचारून दिलीस का त्याला?"

"नाही. मला वाटलं तुम्ही दिली."

डॉक्टरांनाही वाटलं होतं, गिरिजाबाईंनी दिली. गिरिजाबाईंना वाटलं होतं, अवनीने. चार माणसांच्या कामात असंच होतं. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने केलं.

त्यांनी फोन उलटा ठेवला. त्यांना एकदम स्वतःची आई आठवली. शेवटची सहा वर्षं आईच्या तोंडात एकही दात नव्हता आणि कवळी तिने कधी लावून घेतली नाही. घरी आलेलं माणूस आईचं ऐकून घ्यायचं आणि मग गिरिजाबाईंकडे बघायचं, काय म्हणतात त्या? आणि गिरिजाबाई न अडखळता सांगायच्या, चहात साखर कमी आहे म्हणतात, तुमची सून बरी आहे का विचारतात. कुणी शिकवलं नव्हतं. ते बोलणं आता जगात कुणी बोलत नव्हतं आणि समजणारं एक माणूस उगाच शिल्लक राहिलं होतं. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले.

मग त्यांनी शांताक्कांच्या ओट्यावर जाऊन एकच प्रश्न विचारला. "अक्का, तुमचे दात कधी गेले हो?"

"अय्यो, केव्हाच. श्रीवत्स शाळेत होता तेव्हा हिरड्यांनी सगळे खाल्ले. का गं?"

"सुम्ने," गिरिजाबाई म्हणाल्या. उगाच.

४

शनिवारी दुपारी त्यांनी दोन्ही डॉक्टरांना बसवलं आणि शटर अर्धं ओढलं.

"वैऱ्याने केलं असतं, तर त्याने वाईट बोलणी राहू दिली असती. आपल्यापैकी कुणी केलं असतं, तर सगळीच वाईट काढली असती. पण काढणाऱ्याने फक्त आईला लागणारी काढली आणि मुलाच्या शिव्या ठेवल्या. असं कोण करतं?"

अवनीच्या तोंडाचा आ झाला. डॉक्टर म्हणाल्या, "ज्याला त्या शिव्या आपल्या वाटतात तो."

"हौदु, तोच. आता पुढे. आधीचं बोळकं तोंड कुणी दाखवलं नाही? व्हिडिओ करणाऱ्याने. परक्याला त्याची लाज कशाला वाटेल? बिनदाताचं बोलणं कुणाला कळलं? ज्याने लहानपणापासून ते ऐकलं, त्याला. जुलैत पाच दिवस ओटा रिकामा होता, तर जीव कुणाचा वर-खाली होत होता? फ्रेम रिकामी वाटते म्हणे." गिरिजाबाईंनी अर्ध्या शटरखालून समोरच्या ओट्याकडे पाहिलं. "आपल्याला वाटलं, तीन सेकंदांची गल्ली ही त्याची लोकांना खेचायची युक्ती. युक्ती कसली, मॅडम. तो आपल्याकडे रोज आई मागत होता. आणि आपण पाठवत होतो."



"बेळगोळ म्हणजे बसने अर्धा तास," अवनी म्हणाली. "अकरा वर्षं?"

"बापाने तोंड दाखवू नको म्हटलं. आणि बाप गेला, तेव्हा हा आला नाही. आता पाय उचलत नसेल. लांब राहायची एकदा सवय झाली की अर्धा तास लई मोठा होतो, पोरी."

डॉक्टर मात्र तापल्या होत्या. "खोटं नाव सांगितलं, मला न विचारता व्हिडिओ काढला. मी त्याला कामावरून काढणार आहे."

"काढा. पण सोमवारनंतर."

"शांताक्कांना सांगायचं ना लगेच?"

"ब्याड. नको. सांगितलं आणि तो नाही आला, तर? एकदा वाट बघून झालीय त्यांची. आपण त्याला शूटिंग पाठवू. नेहमीसारखं."

पाच वाजता त्या ओट्यावर गेल्या. दारात दोन ट्रंका बांधून ठेवल्या होत्या.

"अक्का, पोराला काय सांगायचंय ते फोनकडे बघून सांगा. पण दात काढून."

शांताक्का बघत राहिल्या. "दात काढून? तीन लाख लोकांपुढे?"

"एकाच माणसापुढे."

शांताक्कांनी त्यांच्या चेहऱ्याकडे फार वेळ पाहिलं. आत जाऊन वाटीत पाणी आणलं, कवळी काढून त्यात ठेवली, तोंड पदराने टिपलं आणि बोलायला लागल्या. मिनिटभर बोलल्या. मध्ये एकदा हसल्या, एकदा थांबल्या, एकदा आतल्या चुलीकडे हात केला. गिरिजाबाईंना एक अवाक्षर कळलं नाही.

त्यांनी ते तसंच सात्विकला पाठवलं आणि खाली लिहिलं, "शांताक्का बोलल्या ते मला कळलं नाही. वहीत काही लिहिता आलं नाही. मागच्या वेळेसारखं तुम्हीच लिहा."

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

५

रविवारी क्लिनिक बंद असतं. तरी गिरिजाबाईंनी साडेचारला शटर उघडलं आणि आतल्या टेबलावरची धूळ दोनदा पुसली.

समोर दीपश्री भांडी पोत्यात भरत होती. रणोजीराव दोरी आवळत होते. शांताक्का ओट्यावर बसल्या होत्या, तोंडात कवळी नव्हती. दीपश्रीने दोनदा विचारलं, अम्मा दात का नाही लावले, तर त्यांनी नुसता हात हलवला. मांडीवर सूप होतं, सुपात शेंगा होत्या. उद्या सकाळी घर सोडणाऱ्या बाईने आज किलोभर शेंगा कशाला घेतल्या, हे कुणी विचारायला धजलं नाही.

पाच वाजले. सवयीने गिरिजाबाईंनी फोन उचलून दारातून गल्लीवर धरला. एक सेकंद. दोन. गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल थांबली. तीन.

तो गाडी ढकलत आला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट. समोरच्या ओट्याकडे न बघता तो थेट क्लिनिकच्या पायरीशी आला आणि हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून उभा राहिला.

"गिरिजाबाई?"

हा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, पण त्यातली धार वेंकोबांची होती.

"लिहून आणलं," तो म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "सगळं लिहिलंय. पाठवता येईना." मग हळूच, "व्हिडिओ मीच काढला. ते लोक तिच्या दारात येणार होते. मॅडमना सांगा, मी माफी मागतो."

"त्यांचं त्या बघतील. समोर जा."

तो हलला नाही. गल्ली रुंद किती, तर दहा पावलं. "कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा बाबा," गिरिजाबाई म्हणाल्या. "दुसरं बसवायचं असेल तर क्लिनिक उद्या नऊला उघडतं."

तो हसला की रडला, ते हेल्मेटमुळे कळलं नाही. मग त्याने ते काढून पायरीवर ठेवलं, कानाजवळचे पांढरे केस दिसले, आणि तो निघाला. रणोजीरावांच्या हातातून दोरी सुटली. दीपश्री पोत्यापाशी उभीच राहिली. शांताक्का मात्र उठल्या नाहीत. सूप बाजूला सरकवून त्यांनी ओट्यावर जागा केली, जणू पोरगा सकाळी बाजारात गेला होता आणि आता आला.

तो शेजारी बसला. त्यांनी त्याच्या हनुवटीला हात लावून चेहरा आपल्याकडे वळवला आणि काहीतरी विचारलं. फुसफुस, फॅस, मध्येच हवा. गल्लीतल्या कुणालाही ते कळलं नाही.

"नाही अम्मा," तो म्हणाला, "अजून जेवलो नाही."